वचन मागणारा माणूस



या व्याख्यानमालेच्या व्यवस्थापकांनी विषयाची निवड सर्वस्वी माझ्यावर सोपविली, आणि स्मृतिव्याख्यानाला साजेल असा एखादा विस्तीर्ण विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु पुष्कळ विचारांती मी एक आटोपशीर विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. ख्रिस्ती माणसाच्या नित्याच्या व्यवहारात, म्हणजे उपासनामंदिराचा उंबरठा ओलांडून तो बाहेर पडल्यावर, बाजारात, कचेरीत, चुलीपुढे, आजाऱ्याच्या उशाशी आणि भावाभावांच्या वाटणीच्या वेळी, एका दमात उच्चारता येणाऱ्या सुज्ञ वचनांचे स्थान काय, ती वचने प्रथम कोणी कोणाला दिली, आणि ज्यांना ती मिळाली त्यांनी त्यांचे पुढे काय केले, एवढ्याचाच विचार मला आज करावयाचा आहे.

वचनांची आपल्याकडे टंचाई नाही. दिनदर्शिकेच्या पानावर वचन असते, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर वचन असते, बैठकीच्या खोलीत चौकटीत बसविलेले वचन असते. वर्षारंभीच्या उपासनेनंतर वचनाची चिठ्ठी उचलण्याची चाल कित्येक मंडळ्यांत आहे, आणि शब्बाथशाळेतील मूल आपले वचन न अडखळता म्हणून दाखवते तेव्हा आईबापांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटते ते मीही पाहिले आहे. यांपैकी कशालाही मी नावे ठेवीत नाही. पण इतकी वचने भोवती वावरत असताना त्यांपैकी एखादे आपल्याला अडवते का? रागाने उगारलेला हात खाली आणते का? खोट्या कागदावर सही होण्यापूर्वी लेखणी थांबवते का? आणि थांबवत नसेल, तर उणे कोठे आहे, वचनात की आपल्या घेण्यात?

माझे म्हणणे असे आहे की ख्रिस्ती परंपरेत वचन हे मुळात मागितलेले असते. ते एका विशिष्ट माणसाला विशिष्ट प्रसंगी दिलेले असते. आणि घेणाऱ्यावर ते आचरणाचे ऋण चढवून जाते. या तीन गोष्टी मी क्रमाने मांडीन. पहिलीवर मी अधिक रेंगाळलो तर श्रोत्यांनी क्षमा करावी, कारण तेथेच सारे मूळ आहे.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ईजिप्तमधील एका खेड्यात अंतोनी नावाचा तरुण राहत होता. आईबाप नुकतेच निवर्तले होते. वय अठरा-वीस वर्षांचे. धाकटी बहीण पदरात. आणि वडिलार्जित जमीन तीनशे अरूरा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे दोनशे एकर, तीही सुपीक. एके दिवशी तो उपासनेला गेला असता, प्रभू येशू एका धनवान तरुणाला असेल नसेल ते विकून गोरगरिबांना द्यावयास सांगतो, तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रसंग वाचला जात होता. ऐकले मंडळीतल्या सर्वांनीच. अंतोनीने मात्र ते आपल्यालाच उद्देशून आहे असे मानले, बाहेर येऊन जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, चीजवस्तू विकून आलेला पैसा गरिबांत वाटला आणि बहिणीपुरते थोडे राखून ठेवले. पुढे एकदा उद्याची चिंता न करण्याविषयीचे प्रभूचे वाक्य कानी पडले, तेव्हा तेही देऊन टाकून त्याने बहिणीला व्रतस्थ कुमारिकांच्या हवाली केले. बहिणीला त्याने विचारले होते काय, हे चरित्रकार अथनेसियस सांगत नाही, आणि तिच्याविषयी माझ्या मनाला नेहमीच चुटपुट लागते. पुढे म्हातारपणापर्यंत ती इतर कुमारिकांना मार्ग दाखवीत राहिली, एवढे मात्र तो नोंदवून ठेवतो. अंतोनी इ. स. ३५६ मध्ये वारला, तोपर्यंत नाईलच्या दोन्ही अंगांच्या वाळवंटांत त्याच्यासारखी सहस्रावधी माणसे जाऊन राहिली होती. दोनशे एकरांचा धनी एका वाक्याने उठला, आणि त्याच्या पाठोपाठ एक युग उठले.

या माणसांचे जीवन कसे होते? नाईलच्या मुखप्रदेशाच्या पश्चिमेला वादी नत्रून म्हणून एक सखल, खारट भूमी आहे. तिलाच त्या काळी स्केतिस म्हणत, आणि आजही तेथे चार मठ नांदत आहेत. दगडामातीची एकेकट्याची झोपडी, खायला वाळलेली भाकर आणि मीठ, आणि दिवसभराचे काम म्हणजे खजुरीच्या पाती पाण्यात भिजत घालून त्यांचे दोर वळणे आणि टोपल्या विणणे. अर्सेनियस नावाचा एक वडील, म्हणजे ज्येष्ठ साधू, त्यांच्यात होता. तो पूर्वाश्रमी रोमी दरबारातला, सम्राट थिओडोसियसच्या मुलांचा शिक्षक. पाती भिजविण्याचे पाणी तो वर्षातून एकदाच बदलत असे, आणि त्या कुजक्या पाण्याच्या दुर्गंधीविषयी कोणी विचारले तर, दरबारात असताना भोगलेल्या अत्तरांची ही फेड आहे, असे सांगत असे. हाच अर्सेनियस एकदा एका निरक्षर ईजिप्शियन म्हाताऱ्याला आपल्या मनातील विचारांविषयी सल्ला विचारीत होता. लॅटिन आणि ग्रीक विद्येत पारंगत असलेल्या आपल्यासारख्याने या खेडुताला काय विचारावे, असे एकाने म्हटले, तेव्हा अर्सेनियसने कबूल केले की त्या विद्या मला अवगत आहेत, पण या खेडुताची मुळाक्षरेही मी अजून गिरविलेली नाहीत.

या वस्तीत एक शिरस्ता होता. तरुण साधक वडिलांच्या झोपडीपाशी येई, नमस्कार करून बसे आणि म्हणे, अब्बा, मला एक वचन द्या. वडील पुरुषाला अब्बा आणि वडील स्त्रीला अम्मा म्हणत. कारण वचन देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या, आणि सिंक्लेटिका, सारा, थिओडोरा यांची वचने संग्रहात त्यांच्या नावांनिशी आली आहेत. कोणी प्रवचन मागत नसे. भुकेल्याने भाकर मागावी तसे एक वाक्य मागितले जाई, आणि मागणाऱ्याची अवस्था पाहून दिलेही जाई. ही मौखिक वचने पुढे पाचव्या शतकाच्या सुमारास ग्रीक भाषेत लिहून निघाली, कोठे वडिलांच्या नावांच्या वर्णानुक्रमाने तर कोठे विषयवार. सहाव्या शतकात ती लॅटिनमध्ये गेली, सुर्यानी आणि कॉप्टिक भाषांतही पसरली. आणि संत बेनेडिक्टने आपल्या मठांच्या नियमावलीत, सायंकाळच्या जेवणानंतर सर्वांनी एकत्र बसून या वाळवंटी वडिलांची संभाषणे किंवा चरित्रे वाचावीत, असे लावून दिले.

आता मागण्याविषयी. थिओडोर नावाच्या वडिलांकडे एक भाऊ आला आणि तीन दिवस वचन मागत राहिला. थिओडोरने तोंड उघडले नाही. तो खिन्न होऊन परतला. शिष्याने कारण विचारले, तेव्हा वडील म्हणाले की हा व्यापारी आहे, दुसऱ्यांच्या वचनांवर याला आपली प्रतिष्ठा वाढवायची आहे. किती कठोर उत्तर, आणि किती आजचे! कारण वचन जमविणारा आणि वचन मागणारा हे दोघे बाहेरून सारखेच दिसतात. दोघांच्याही हाती वही असते, दोघेही डोळे मिटून ऐकतात. एकाला ते वाक्य पुढच्या सभेत वापरायचे असते. दुसऱ्याला ते त्याच दुपारी आपल्या घरी न्यायचे असते.

फेलिक्स नावाच्या वडिलांची हकीगत तर याहून जिव्हारी लागणारी आहे. काही भाऊ संसारी मंडळींना बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी वचन मागितले. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. पुष्कळ विनविल्यावर तो बोलला, ते साधारण असे, की आता वचने उरलेली नाहीत. लोक पूर्वी वडिलांना विचारीत आणि सांगितलेले करीत, म्हणून देव वडिलांच्या मुखी शब्द घालीत असे. आता लोक विचारतात आणि करीत नाहीत, म्हणून देवाने वडिलांकडून तो प्रसाद काढून घेतला आहे. ऐकणारे रडले, असे संग्रहकार सांगतो.

श्रोतेहो, या कथेत सारा दोष घेणाऱ्याच्या पदरी टाकला आहे, हे ध्यानात घ्यावे. आपण नेहमी तक्रार करतो की आता नारायण वामन टिळकांसारखे कोणी राहिले नाहीत, पंडिता रमाबाईंसारखी माणसे राहिली नाहीत, पाळक पूर्वीसारखे बोलत नाहीत. फेलिक्स म्हणतो, बोलणारे निर्माण होतात ते करणाऱ्यांच्या आधाराने. पाळकाच्या दाराशी जाऊन, मला पैशाचा मोह सुटत नाही, मला एक वाक्य सांगा, असे म्हणणारा माणूस मंडळीत एक जरी असला, तरी त्या पाळकाचे पुढच्या रविवारचे प्रवचन निराळे होईल.

दुसरी गोष्ट प्रसंगाची. येथे मला वाळवंट सोडून पुष्कळ शतके मागे, जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या ग्रंथाकडे यावे लागते. एकतीस अध्यायांचा हा ग्रंथ एका हाताने एका बैठकीत लिहिलेला नाही. शलमोनाच्या नावावरील दोन मोठे संग्रह त्यात आहेत, आणि त्यांपैकी दुसरा यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरून घेतल्याची नोंद ग्रंथातच आहे, म्हणजे आपल्या भाषेत बोलायचे तर राजदप्तरातल्या कारकुनांनी नकलून काढलेले हे कागद आहेत. ज्ञान्यांची वचने म्हणून जो भाग येतो त्याचे आमेनेमोपे नावाच्या ईजिप्शियन लेखकाच्या उपदेशाशी इतके निकटचे साम्य आहे की दोहोंचा संबंध आज अभ्यासक सामान्यतः मान्य करतात. आगूराची वचने आहेत. लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला उपदेश आहे. इस्राएलाने शेजाऱ्याचे शहाणपण उसने घेण्यात कमीपणा मानला नाही, आणि राजाला शिकविणाऱ्या आईचे नाव गाळले तरी तिचा उपदेश गाळला नाही.

या ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात दोन सूत्रे एकाखाली एक आली आहेत. पहिले म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाच्या पातळीवर उतरून उत्तर देऊ नये, नाहीतर देणाराही त्याच्यासारखाच होतो. लगेच दुसरे म्हणते, त्याच पातळीवर उत्तर द्यावे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजू लागतो. ही विसंगती यहुदी धर्मपंडितांना इतकी खुपली की हा ग्रंथ दूर ठेवावा की काय, असाही खल त्यांच्यात झाला. पण संकलकाला ती दिसली नसेल काय? ज्याने दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहिली त्याला ती दिसली होती, आणि म्हणूनच त्याने ती तशी लिहिली. कोणते केव्हा, हे ग्रंथ सांगत नाही. ते समोरच्या मूर्खाकडे आणि स्वतःच्या मनाकडे पाहून ठरवायचे. त्याच अध्यायात पुढे, मूर्खाच्या तोंडी गेलेले सूत्र लंगड्याच्या लोंबकळणाऱ्या पायांसारखे आणि दारुड्याच्या हातातील काट्यासारखे होते, असेही म्हटले आहे. सूत्रांचाच ग्रंथ सूत्रांच्या दुरुपयोगाविषयी इतका सावध आहे.

प्रसंग चुकला की खरे वाक्यही कसे क्रूर होते, याचा दाखला ईयोबाचे मित्र आहेत. ते आले, राखेत बसलेल्या मित्राला त्यांनी ओळखले नाही, मोठ्याने रडले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तोपर्यंत त्यांचे काहीही चुकले नव्हते! मग ते बोलू लागले. त्यांची कित्येक वाक्ये सुटी काढली तर एकेक चौकटीत बसवावे इतकी सुंदर आहेत, देव न्यायी आहे, पेरावे तसे उगवते, शिक्षा सोसणारा धन्य; आणि ती सगळी, दहा लेकरे पुरलेल्या बापाच्या अंगावर दगडासारखी पडली. शेवटी देवाने कोप केला तो ईयोबावर नव्हे, या वचनकारांवर. ज्या घरात तरुण मुलगा गेला आहे तेथे दुसऱ्या दिवशी जाऊन, सगळे चांगल्यासाठीच होते, असे म्हणण्याचा हक्क कोणाला आहे? मला वाटते, कोणालाही नाही. ते वाक्य त्या मुलाची आईच कधीतरी उच्चारू शकेल, आणि तिने उच्चारले नाही तरी तिच्या विश्वासात काही उणे आहे असे समजू नये.

आपल्या मराठी गद्याच्या आरंभकाळातही हीच जाण होती, हे सांगताना मला आनंद होतो. महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी संकलित केल्या, त्यांतून केशिराजबासांनी सूत्रे वेगळी काढली, आणि सूत्र सुटे पडले की त्याचा अर्थ डळमळतो हे जाणून, कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले ते सांगणारा ‘प्रकरणवश’ हा ग्रंथही महानुभावांनी सिद्ध केला. धर्म निराळा, भूमी निराळी, काळ निराळा. पण वचन जपायचे तर प्रसंगासकट जपावे, ही दृष्टी ईजिप्तच्या वाळवंटात होती तशीच महानुभावांच्या ऋद्धपूरलाही होती.

याच्या उलटही घडते. जे वाक्य सुभाषित म्हणून मुळी लिहिलेलेच नाही, ते एखाद्याच्या आयुष्यात वचन होऊन उभे राहते. प्रेषित पौल तुरुंगातून तिमथ्याला पत्र लिहितो, त्याच्या शेवटी घरगुती निरोप आहेत: त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तके आण, आणि हिवाळा लागण्याच्या आत येण्याची खटपट कर. यात उपदेश तो कोणता? १९३९ च्या जूनमध्ये डीट्रिख बोनहफर हा तरुण जर्मन धर्मपंडित न्यूयॉर्कमध्ये होता. युद्ध तोंडावर आले होते. अमेरिकन स्नेह्यांनी त्याला सुरक्षित ठेवण्याची तजवीज केली होती. आणि मायदेशातील आपल्या बांधवांना सोडून आपण येथे कशाला आलो, या प्रश्नाने त्याची झोप उडविली होती. २६ जून रोजी हिवाळ्यापूर्वी येण्याविषयीचे ते वाक्य त्याच्या वाचनात आले आणि दिवसभर त्याची पाठ सोडीना. तसे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. जुलैत तो जर्मनीला परतला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी देण्यात आले. पौलाने झग्याच्या मागणीबरोबर पाठविलेला निरोप जवळजवळ एकोणीस शतकांनी दुसऱ्याच माणसाला पोहोचला.

आपल्या इथले उदाहरण आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. अंतोनीला उठविले तेही मत्तयाने आणि टिळकांना धरले तेही मत्तयानेच. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वाक्यांची किंमत त्यांनी तर मोजलीच, पण त्यांच्याहून अधिक त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली, आणि लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना मला पुन्हा अंतोनीची ती बहीण आठवते.

आता तिसरी गोष्ट, आचरणाची. पाम्बो नावाचा एक साधक निरक्षर होता. त्याने एका जाणत्याकडे जाऊन, मला एक स्तोत्र शिकवा, अशी विनंती केली. जाणत्याने एकोणचाळिसावे स्तोत्र काढले. जिभेने पाप घडू नये म्हणून मी आपल्या वर्तनाला जपेन, अशा अर्थाच्या त्याच्या आरंभीच्या ओळीपाशीच पाम्बोने त्याला थांबविले. एवढे पुरे आहे, हे करता आले तर पुढचे ऐकायला येईन, असे म्हणून तो निघून गेला. सहा महिने झाले तरी आला नाही, म्हणून शिक्षकाने त्याला बोल लावला, तेव्हा तो म्हणाला की ती ओळ अजून आचरणात आलेली नाही. पुष्कळ वर्षांनी कोणी विचारले, आता तरी साधली का? तो उत्तरला, एकोणीस वर्षांत कशीबशी.

एकोणीस वर्षे, एका ओळीला! आपण स्तोत्रसंहिता वर्षात पुरी करतो आणि पुन्हा आरंभ करतो, ते चांगलेच आहे; पण पाम्बोच्या हिशेबाने आपले एकही स्तोत्र अद्याप पुरे झालेले नाही. आणि त्याने ओळ कोणती धरली, तेही पाहावे. जिभेची. उपवासाची नाही, जागरणाची नाही. वाळवंटात झोपडीपासून झोपडी दूर, बोलायला माणूस क्वचित भेटणार, तेथे ज्याला जीभ आवरायला एकोणीस वर्षे लागली, त्याच्या मानाने एका भिंतीआड दोन बिऱ्हाडे असलेल्या आपल्या वस्त्यांत किती लागतील?

आचरण हेच जेव्हा वचन होते, तेव्हा शब्दाची गरजही उरत नाही. मोशे नावाचा एक वडील स्केतिसमध्ये होता. जातीने इथियोपियन, पूर्वायुष्यात दरोडेखोर. एका भावाच्या हातून अपराध घडला म्हणून न्यायासाठी सभा भरली आणि मोशेला बोलावणे गेले. तो येईना. पुन्हा निरोप गेला, तेव्हा तो उठला, एक गळका घडा पाण्याने भरून पाठीवर घेतला आणि चालू लागला. सामोरे आलेले विचारू लागले, हे काय? तो म्हणाला, माझी पापे माझ्या मागे अशी सांडत आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याचा निवाडा करायला आलो आहे. सभा तेथेच आटोपली. त्या भावाला कोणी काही बोलले नाही, सर्वांनी क्षमा केली. सभेपुढे युक्तिवाद करून मोशेला हे साधले असते का? मला शंका आहे. मंडळीच्या पंचांपुढे जेव्हा एखादे प्रकरण येते, आणि पंच आपापल्या खुर्च्यांवर स्थिरस्थावर होतात, तेव्हा तो ओला माग कोणाला तरी आठवावा, असे मला फार वाटते.

एका साधूजवळ शुभवर्तमानाची पोथी तेवढी होती. तीही त्याने विकून भुकेल्यांना दिली, आणि विचारणाऱ्याला सांगितले की, असेल ते विकून दे, असे जिने मला रोज सांगितले तीच मी विकली. याकोबाच्या पत्रातही हाच रोख आहे: उघड्या-उपाशी भावाला ऊब घे, तृप्त हो, असे म्हणून वाटेला लावणाऱ्याचे बोलणे कोणाच्या उपयोगी?

येथवर ऐकल्यावर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक आक्षेप आला असेल, आणि तो रास्त आहे. ही सर्व घरदार सोडलेल्यांची कथा. आम्हांला मुलांची फी भरायची आहे, म्हाताऱ्या सासूचे औषध आणायचे आहे, साहेबाची मर्जी सांभाळायची आहे. आमचा या टोपल्या विणणाऱ्यांशी काय संबंध? याचे उत्तर त्याच संग्रहांत आहे. अंतोनीला एकदा कळविण्यात आले की तुझ्या तोडीचा एक माणूस शहरात आहे. तो धंद्याने वैद्य होता, गरजेपुरते ठेवून उरलेले गरिबांना देई आणि नित्य देवाची स्तुती करी. मकारियुस या थोर तपस्व्यालाही असेच समजले, की जवळच्या नगरातल्या दोन स्त्रियांची योग्यता अजून तुला आलेली नाही. तो काठी टेकीत त्यांच्या दारी गेला. त्या दोघी सख्ख्या भावांच्या बायका, म्हणजे जावा-जावा, एका घरात राहणाऱ्या. पंधरा वर्षांत एकीने दुसरीला एक वावगा शब्द बोललेला नव्हता. एवढेच. मकारियुसने मान्य केले की देव कुमारिका, विवाहिता, साधू, संसारी असा भेद पाहत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला या दोन जावांची तपश्चर्या समजावून सांगावी लागणार नाही. स्केतिसचे उपवास तिच्यापुढे सोपे आहेत.

माझ्या लहानपणी नगर जिल्ह्यातील एका गावी घरोघर शास्त्र सांगत फिरणाऱ्या एक बायबलबाई वारंवार येत. शिक्षण बेताचे, पायांत वहाणा, काखेत कापडात गुंडाळलेले शास्त्र. एकदा शेजारची नवी सून, भाकरी भाजता भाजताच, सासूने काय म्हटले ते संतापून त्यांना सांगू लागली. तव्यावरची भाकरी करपू लागली होती. बाई म्हणाल्या, “आधी भाकरी उतरव, मग बोल.” तिने उतरविली, आणि मग बोलायचे होते त्यातले निम्मे तिला बोलावेसे वाटेना. त्या घरात ते वाक्य पुढे रुळले. नवऱ्याचा आवाज चढला की ती म्हणे, आधी भाकरी उतरवा. मुले भांडू लागली की सासूच म्हणे, आधी भाकरी उतरवा. दिनदर्शिकेवर छापले तर कोणाला त्यात काही दिसणार नाही. त्या चुलीपुढे मात्र त्याने वर्षानुवर्षे काम केले.

वचन घरोघर पोहोचविण्याची एक सुंदर व्यवस्थाही ख्रिस्ती इतिहासात आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. सॅक्सनीमधील हेर्नहुट या खेड्यात निर्वासित मोरावियन कुटुंबांना काउंट झिन्झेनडॉर्फने आपल्या जहागिरीत आश्रय दिला होता. ३ मे १७२८ च्या सायंकाळी त्याने मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वाक्य दिले, जसे पहाऱ्यावरच्या शिपायांना रात्रीचा परवलीचा शब्द देतात तसे. मग रोज सकाळी एक भाऊ गावातील बत्तीस घरी फिरून दिवसाचे वचन सांगू लागला. १७३१ सालासाठी ती वचने छापून निघाली. तेव्हापासून ती वार्षिक पुस्तिका आजतागायत चालू आहे आणि पन्नासांहून अधिक भाषांत निघते. पण मला त्या पुस्तिकेहून त्या दारोदार जाणाऱ्या भावाचे अधिक अप्रूप आहे. दार उघडल्यावर तो फक्त वाक्य देऊन परतत नसे. घरात कोण आजारी, कोण रुसलेले, कोणाला मदत हवी, तेही पाहून येई. वचन जाताना आत जाई आणि येताना घराची खबर बाहेर येई. छपाईने वचन लांब नेले. ती खबर आणण्याचे काम मात्र छपाईला करता येत नाही.

छपाईची गोष्ट निघाली म्हणून आपल्याकडचेही एक काम सांगतो. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे जे मराठी भाषांतर सिद्ध केले, आणि १९२२ मध्ये त्यांचे देहावसान झाल्यावर १९२४ मध्ये जे प्रसिद्ध झाले, त्यामागे खेड्यातल्या सामान्य बाईला कळेल अशी भाषा असावी हीच तळमळ होती, आणि त्याचे खिळे जुळविण्यापासूनचे काम त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातल्या स्त्रियांनी केले. नीतिसूत्रांची पाने जुळविणाऱ्या त्या हातांपैकी कित्येकांनी दुष्काळ पाहिला होता, वैधव्य पाहिले होते. कोणत्या सूत्रापाशी कोणाचा हात थांबला असेल, हे कोणी लिहून ठेवले नाही.

लिहून न ठेवल्यामुळे अशा गोष्टी हरवतात, आणि त्या हरवू नयेत यासाठीच मला आपल्याजवळ एक अर्ज करायचा आहे. अहमदनगर, जालना, मिरज येथील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून, वसईच्या सामवेदी आणि वाडवळी बोलणाऱ्या घरांतून, पुण्यामुंबईच्या चाळींतून, आजी-आजोबांच्या तोंडची शेकडो वाक्ये आज कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाहीत. ती जमवावीत. मात्र नुसती वाक्ये उतरून घेऊ नयेत. कोणी म्हटले, कोणाला म्हटले, त्या वेळी घरात काय चालले होते, आणि ज्याला म्हटले त्याने पुढे काय केले, या चारही गोष्टींची नोंद एकत्र असावी, आणि वाक्य ज्या बोलीत बोलले गेले त्याच बोलीत, शुद्ध न करता, लिहावे. प्रत्येक मंडळीतील दोन-तीन तरुणांनी हे काम अंगावर घेतले तर पैशाची फारशी गरज नाही. एक वही लागेल, आणि दुपारच्या वेळी ज्यांच्याशी कोणी बोलत नाही त्या म्हाताऱ्या माणसांजवळ तासभर बसण्याची तयारी लागेल. आरंभ कोठून करावा असे कोणी विचारील, तर आपल्या मंडळीच्या नोंदवहीत ज्यांचा बाप्तिस्मा सर्वांत जुना आहे त्यांच्याकडून करावा, आणि तो या पावसाळ्यापूर्वीच करावा.